पाऊण तासात आठवीच्या मुलांना इंटरनेटबद्दल काय सांगावं?

चाफेकळी
आमच्या शाळेत सातवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाला ‘इंटरनेटचा सुरक्षित वापर’ या विषयासाठी पाऊण तासाची एक तासिका मिळाली आहे. त्यानंतरच्या शनिवारी पालकसभा आहे, तिथे अर्धा तास मिळेल. शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन, तोही आईचा किंवा वडिलांचा, आणि घरातलं सगळं यूपीआय त्याच फोनवर.

या विषयाची तयार सादरीकरणं हवी तेवढी मिळतात. अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. सगळं खरं आहे, पण मुलांना ते पाठ झालेलं आहे. माझं मत असं की काही बिनसलंच तर पहिल्या तासाभरात काय करायचं आणि कुणाला सांगायचं हे मुलांना पक्कं ठाऊक हवं. तेच या सादरीकरणांत नसतं.

जाणकारांना तीन प्रश्न:
तासिकेत काय घ्यावं आणि काय सरळ गाळावं?
एकच फोन असलेल्या घरात नेमकी कोणती सेटिंग्ज करून द्यावीत?
पालकांकडून कोणती एक गोष्ट कबूल करून घ्यावी?

रानवारा
तिसऱ्याचं उत्तर आधी. ‘तू सांगायला आलास तर तुझा फोन काढून घेणार नाही.’ पालकांकडून एवढंच वदवून घ्या. मुलं गप्प बसतात त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच असतं. धमकावणारा माणूसही नेमकं हेच बोलतो, ‘घरी कळलं तर तुझा फोन जाईल, शाळा सुटेल.’ घरच्यांनी ती भीती आधीच काढून टाकली की त्याच्या हातातलं निम्मं हत्यार गळतं.

तारतम्य
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गूगलचं फॅमिली लिंक (मुलाच्या फोनवर पालकांनी लक्ष ठेवायचं ॲप) सगळे सुचवतात, पण ते मुलाच्या वेगळ्या खात्यासाठी आणि वेगळ्या फोनसाठी आहे. वडिलांच्या फोनवर वडिलांचंच खातं असेल तर त्याचा उपयोग नाही. एक फोनवाल्या घरासाठी हे करा:

१. ॲप पिनिंग. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिक्युरिटी, तिथे ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘पिन ॲप’ असा पर्याय असतो. तो चालू करा आणि त्याखालचं ‘अनपिन करताना पिन विचारा’ हेही चालू करा. अभ्यासाचं ॲप उघडायचं, अलीकडच्या ॲप्सच्या पडद्यावर त्याच्या चिन्हावर दाबून ‘पिन’ निवडायचं आणि मगच फोन मुलाच्या हातात द्यायचा. दुसरं ॲप उघडायला फोनचा पिन लागेल. दुसरी ओळ चालू करायची राहिली तर दोन बटणं एकत्र दाबून मूल बाहेर पडतं.

२. फोनचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगळा. बऱ्याच घरांत दोन्हीकडे एकच आकडा असतो, बहुतेक वेळा गाडीचा नंबर नाहीतर जन्मसाल. मुलांना तो माहीत असतो.

३. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या प्रोफाइलवर जाऊन सेटिंग्ज उघडा. खरेदीच्या पडताळणीचा पर्याय ‘प्रत्येक खरेदीसाठी’ यावर ठेवा.

४. ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ ही परवानगी अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला वेगळी मिळते. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर या चौघांची ती बंद आहे का ते बघा. गेमच्या ‘फुकट डायमंड’वाल्या एपीके फायली (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायच्या फायली) याच वाटांनी येतात.

काही फोनमध्ये दुसऱ्या वापरकर्त्याची किंवा ‘सेकंड स्पेस’ची सोय असते. असेल तर उत्तमच, पण प्रत्येक कंपनी ती देत नाही. तेव्हा सभेत पिनिंगच दाखवा.

सदूभाऊ_पाटील
एवढी खटपट कशासाठी? दहावीपर्यंत फोन हातात द्यायचाच नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये करून दाखवलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही आणि मोबाईल दोन्ही बंद, मुलं अभ्यासाला. गावानं ठरवलं की होतं.

मृद्गंध
सदूभाऊ, वडगावचं मोल मोठंच आहे, पण तिथे बंदी नाही. दीड तासाची शिस्त आहे आणि ती मोठ्यांनाही लागू आहे. त्या वेळात आईची मालिकाही बंद आणि वडिलांचे रील्सही बंद, म्हणून मुलं ऐकतात. आमच्या सोसायटीत भोंगा लावला तर पहिली तक्रार आजोबांच्या सातच्या बातम्यांची येईल. :)

शिवाय गृहपाठ, सहलीची सूचना, शिष्यवृत्तीचे सराव संच हे सगळं शाळा स्वतःच व्हॉट्सॲपवर टाकते. फोन देऊ नका असं सांगायचं आणि गृहपाठ फोनवर पाठवायचा, हे कसं जमायचं?

खडूफळा
मृद्गंध यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. शाळेनं आधी स्वतःचं घर आवरायला हवं. वर्गाच्या साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पन्नाससाठ पालकांचे नंबर सगळ्यांना दिसतात. वर ‘ओवीची आई, ८ वी ब’ अशी नावं. याचा एक स्क्रीनशॉट बाहेर गेला की कुणाचं मूल, कोणता वर्ग, कोणता नंबर, सगळी यादी तयार.

पर्याय हातात आहे. साध्या ग्रुपऐवजी ‘कम्युनिटी’ काढा आणि फक्त तिचा घोषणांचा ग्रुप वापरा. त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि संदेश फक्त ॲडमिन टाकू शकतो. साधाच ग्रुप ठेवायचा असेल तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘नवीन सदस्यांना मंजुरी’ चालू करा आणि आमंत्रणाची लिंक दर वर्षी ‘रीसेट’ करा. गेल्या वर्षीची लिंक कुणाच्या तरी स्टेटसवर पडलेली असते, तिच्यावरून कुणीही आत येतो.

संगणक कक्षाचंही तेच. मुलं क्रोममध्ये स्वतःच्या गूगल खात्यानं आत शिरतात आणि तास संपला की खिडकी बंद करून जातात. खिडकी बंद केली तरी खातं उघडंच राहतं. प्रत्येक संगणकावर क्रोमचं ‘गेस्ट’ रूप वापरायची सवय लावा, ते बंद केलं की मागे खातं उघडं राहत नाही. विसरून घरी गेलेल्या मुलाला गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’मधून ‘युवर डिव्हायसेस’ उघडून शाळेचा संगणक बाहेर काढता येतो. हे तासिकेत दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

ॲड_कौमुदी
धागा चांगला चालला आहे. यातला सर्वांत नाजूक भाग मी लिहिते: फोटो दाखवून धमकावणं. खरा फोटो असो, नाहीतर ॲपनं चेहरा चिकटवून केलेला खोटा असो, पायऱ्या त्याच.

एक, पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते, कारण हा देतो हे समोरच्याला कळलेलं असतं.

दोन, घाबरून चॅट पुसायचं नाही, खातं बंद करायचं नाही आणि फोन रीसेट करायचा नाही. पुरावा तिथेच असतो. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन शाबूत असला की ते काम सोपं होतं.

तीन, आणि इथे शाळा हमखास चुकतात. तो फोटो ‘पुरावा म्हणून’ कुणीही कुणालाही पाठवायचा नाही. मुलीनं मैत्रिणीला नाही, मैत्रिणीनं बाईंना नाही, बाईंनी मुख्याध्यापकांना नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचं अश्लील चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असं चित्र जवळ ठेवण्याबद्दलही पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १५ आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. म्हणून फोन आहे तसा घेऊन, वेळ न घालवता पोलिसांकडे जायचं.

चार, शिक्षकांसाठी. अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ ही वाट कायद्यानं बंद केली आहे, न कळवणं हाच वेगळा गुन्हा होतो.

पालक पोलीस ठाण्याच्या भीतीनं मागे सरतात, तर त्यांना हे सांगा. पोक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलाचं नाव, शाळा, पत्ता छापायला बंदी आहे. आणि हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. पैशासाठी धमकावण्यात मुलगे मोठ्या प्रमाणावर सापडतात आणि लाजेपायी मुलींपेक्षाही गप्प बसतात. वर्गात हे वाक्य मोठ्यानं म्हणा.

रानवारा
कौमुदीताई, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. एक शंका. फोटो पुढे पाठवणारा वर्गातलाच मुलगा असेल तर?

ॲड_कौमुदी
तोही बालकच. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पण ‘मी काढला नव्हता, फक्त पुढे पाठवला’ हा बचाव होत नाही, आणि आठवीच्या मुलांना नेमकं हेच माहीत नसतं. घाबरवण्यासाठी नव्हे, माहिती म्हणून सांगा. त्याच्यापर्यंत फोटो आला तर त्यानं काय करावं हेही सांगा: पुढे पाठवू नये, कुणाला दाखवू नये, विश्वासाच्या मोठ्या माणसाला ‘असं काहीतरी फिरतंय’ एवढं तोंडी सांगावं.

तारतम्य
पुराव्याबद्दल तांत्रिक भर. नुसत्या नावाचा स्क्रीनशॉट कामाचा नाही, कारण वर दिसणारं नाव मिनिटात बदलता येतं. इन्स्टाग्रामवर त्या प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, वहीत युजरनेम अक्षरन् अक्षर उतरवा आणि तारीख-वेळ लिहा. हे सगळं झालं की मग ब्लॉक. उलटा क्रम केला तर बऱ्याचदा प्रोफाइलच दिसेनासं होतं. व्हॉट्सॲपवर ‘रिपोर्ट’ केलं की शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. त्या खिडकीत चॅट पुसण्याचाही पर्याय असतो, तो निवडू नका.

फोटो पसरण्याआधी थोपवायचा असेल तर ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारं अमेरिकेतलं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं. फोटो त्यांच्याकडे जात नाही. फोनवरच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून चित्र ओळखून काढतात. नाव द्यावं लागत नाही. दोन मर्यादा मात्र आहेत. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा जुळत नाही, आणि व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध संदेशांत ही तपासणी चालत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम सहभागी आहेत, तेवढाही उपयोग मोठा.

निळाई
सगळे फोटोंवरच बोलताहेत. आमच्या भागात खरा प्रश्न गेमचा आहे. त्यावर कुणी लिहील का?

पाचवा_गडी
लिहितो. गेममध्ये मुलं तीन ठिकाणी अडकतात.

पहिलं, ‘फुकट डायमंड’, ‘फुकट यूसी’, ‘फुकट रोबक्स’ (ही गेममधली नाणी) देणाऱ्या साइट. तिथे गेमचं लॉगिन मागतात. मुलाला वाटतं, गेला तर गेम जाईल. पण गेमचं लॉगिन बहुधा घरच्या गूगल किंवा फेसबुक खात्याचंच असतं. म्हणजे पासवर्ड गेला की सगळे फोटो, संपर्क आणि ईमेल गेले, आणि ईमेलवरून बाकीचे पासवर्ड बदलून घेता येतात. पत्ता ओळखायची युक्ती शिकवा: शेवटाकडून वाचायचा. ‘गूगल डॉट कॉम डॉट बक्षीस डॉट एक्सवायझेड’ हा पत्ता गूगलचा नाही, तो ‘बक्षीस डॉट एक्सवायझेड’चा आहे. पुढे गूगल काय, कुणीही लिहू शकतो. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, फसवी साइटही कुलूप लावते.

दुसरं, पैसे. दर वेळी पिन लागतो म्हणून पालक निर्धास्त असतात, पण यूपीआय ऑटोपे वेगळं असतं. ‘फक्त १ रुपयात सात दिवस’ अशा ॲपला एकदा पिन टाकून परवानगी दिली की पुढचे हप्ते पिनशिवाय कापले जातात. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन लागत नाही. पालकसभेत प्रत्येकाला आपापलं यूपीआय ॲप उघडायला सांगा, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ शोधा आणि ओळखीची नसलेली नोंद रद्द करा. हे तिथेच, खुर्चीत बसून होतं. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून हप्ता थांबत नाही, हेही ठासून सांगा.

तिसरं, गप्पा. गेममधल्या व्हॉइस चॅटवर ओळख होते, चांगला खेळणारा ‘दादा’ स्किन (गेममधल्या पात्राचा पोशाख) भेट देतो आणि म्हणतो, ‘इथे नको, टेलिग्रामवर बोलू.’ गेमबाहेर बोलावणं हीच खूण. तो मुलगा खराच दहावीतला असेलही, पण आठवीच्या मुलानं इथे थांबून घरी सांगावं. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या कायद्यानं देशभर बंद झाले आहेत. तरीही कुणी ‘लावून बघ, जिंकशील’ म्हणत लिंक पाठवत असेल तर ती फसवणूकच धरा.

मेलबर्नकर
इथून थोडी माहिती. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. जबाबदारी कंपन्यांवर आहे, दंड ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. व्हॉट्सॲप त्यात नाही.

सदूभाऊंना हे आवडेल, पण एक बाजू लक्षात घ्या. यूट्यूब खात्याशिवायही बघता येतं, आणि खात्याशिवाय बघणाऱ्या मुलाला पालकांनी त्या खात्यावर लावलेली बंधनं लागू होत नाहीत. कायदा आला तरी घरातलं बोलणं संपत नाही.

सदूभाऊ_पाटील
मेलबर्नकर, माहितीबद्दल आभार. माझं म्हणणं मी सोडत नाही, सातवीच्या पोराला स्वतःचा फोन नकोच. पण घरातला फोन त्याच्या हातात जातोच, हे मृद्गंध यांचं म्हणणं पटलं. मग निदान आपल्या देशात खातं काढायचं वय काय, ते पालकांना सांगा. पाचवीतल्या पोराचं इन्स्टाग्राम बापच काढून देतो.

तारतम्य
बरोबर मुद्दा. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे कंपनीची अट किमान १३ वर्षांची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर १८ पर्यंत सगळे बालकच धरले आहेत, त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घ्यावी आणि त्यांच्या मागावर राहून जाहिराती दाखवू नयेत असं त्यात लिहिलं आहे.

प्रत्यक्षात गोची जन्मतारखेची. इन्स्टाग्रामनं २०२५ च्या फेब्रुवारीत भारतात किशोरांसाठी वेगळी खाती आणली. ती आपोआप खाजगी असतात, अनोळखी माणूस संदेश पाठवू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, आणि १६ च्या खालच्याला सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खातं काढताना जन्मसाल १९९५ टाकलेलं असेल तर कंपनीच्या लेखी तो तिशीतला माणूस आहे. यातलं काहीच लागू होत नाही. वरून त्याला जाहिराती आणि मित्रसूचनाही मोठ्यांच्याच येतात. १३ ते १७ वयाच्या मुलांनी ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये खरी जन्मतारीख टाकली की खातं किशोरांच्या प्रकारात जातं. वय १३ च्या आत असेल तर खातं बंद होईल, आणि ते व्हायलाच हवं.

सायली_नाशिक
नववी-दहावीसाठी दोन गोष्टी इथेच नोंदवते, मुख्य विषयाला लागूनच आहेत.

हॉल तिकिटाचा फोटो स्टेटसवर टाकू नका. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं, आणि हॉल तिकिटावर दोन्ही छापलेलं असतं. निकाल आपल्याआधी दुसरंच कुणी बघतं आणि गुणपत्रिका गावभर फिरते.

अकरावीचा अर्ज नेटकॅफेतून भरला जातो आणि लॉगिन, पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत राहतो. भाग दोनमध्ये महाविद्यालयांचे पसंतीक्रम असतात, ते बदलले तर वर्षाचा प्रश्न. मोबाईल नंबर पालकांचाच द्यायचा, कॅफेवाल्याचा नाही, कारण ओटीपी तिथे जातो. घरी येऊन पासवर्ड बदलायचा आणि अर्जाची पीडीएफ स्वतःला ईमेल करायची.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टेलिग्रामवर ‘उद्याचा पेपर ५०० रुपयात’ अशी चॅनेल निघतात. पैसे गेले की चॅनेल गायब. विकत घ्यायला गेलेलं मूल घरी सांगूही शकत नाही, म्हणून ही फसवणूक इतकी सुखरूप चालते.

पाचवा_गडी
घरच्या वायफायवर गाळणी लावायची असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, अश्लील आणि घातक साइट उघडत नाहीत.

तारतम्य
लावा जरूर, पण पालकांना मर्यादा सांगूनच. ती फक्त त्या वायफायपुरती आहे. मोबाईल डेटा चालू केला की गाळणी गेली, फुकट व्हीपीएन लावला तरी गेली. इन्स्टाग्रामच्या आत काय दिसतं यावर तिचा काहीच ताबा नाही. लहान मूल चुकून भलतीकडे जाऊ नये एवढ्यासाठी ठीक. चौदा वर्षांच्या मुलाला अडवायचं साधन ते नव्हे. चाफेकळी यांच्या शाळेत बहुतेक घरांत वायफायच नसेल, तिथे हा विषय पालकसभेतून गाळावा.

मृद्गंध
वर्गात एक कृती घ्या, मुलं रमतात. वाढदिवसाचा एक बनावट फोटो तयार करा (खऱ्या मुलाचा नको, चित्र काढलं तरी चालेल). गणवेशावर शाळेचा बिल्ला, गळ्यात ओळखपत्र, मागे स्कूल व्हॅनचा नंबर, फाटकावर बंगल्याचं नाव, टेबलावरच्या केकवर ‘१३’, खाली लिहिलेलं ‘क्लासहून आल्यावर सरप्राइज!’ आणि दुपारी चारची वेळ. मुलांना विचारा, या मुलीला ओळखत नसलेल्या माणसाला यातून काय काय कळलं? नाव, शाळा, वय, घर, गाडी, घरी यायची वेळ. पोरं स्वतःच मोजतात, आपल्याला बोलावं लागत नाही.

फोटोतल्या लपलेल्या ठिकाणाबद्दलही सांगा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ चालू असेल तर फोटोत अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ते निघून जातात, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहतात.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. वरच्या प्रतिसादांवरून तासिकेचा आराखडा असा केला आहे:

पहिली दहा मिनिटं मृद्गंध यांची फोटोची कृती. मग पंधरा मिनिटं गेम आणि खोट्या साइट, त्यात शेवटाकडून पत्ता वाचायचा सराव फळ्यावर. पुढची पंधरा मिनिटं ‘बिनसलं तर’: पैसे नाही, पुसणं नाही, फोटो पुढे नाही, आधी लिंक आणि युजरनेम, मग ब्लॉक, मग मोठ्या माणसाला. शेवटची पाच मिनिटं बिननावाच्या चिठ्ठ्या, मनातला प्रश्न लिहून पेटीत टाकायचा. पासवर्डची लांबी, विषाणू, हॅकर वगैरे सगळं गाळलं.

पालकसभेत तीनच गोष्टी: ॲप पिनिंग, ऑटोपेची तपासणी आणि रानवारांचं वाक्य. कम्युनिटीचं मुख्याध्यापकांशी बोलते.

दोन शंका राहिल्या. मुलांना नंबर कोणता द्यावा, १९३० की १०९८? एकापेक्षा जास्त दिले तर ऐन वेळी गोंधळतील अशी भीती वाटते. आणि चिठ्ठ्यांच्या पेटीचं पुढे काय करावं?

ॲड_कौमुदी
मुलांना १०९८ द्या. चाइल्डलाइन, मोफत, चोवीस तास, आणि मूल स्वतः फोन करू शकतं. पालकांना १९३० द्या, कारण तो पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक विचारतात, हे सगळं पालकांकडेच असतं. फोन जितका लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी १९३०, मग बँक, आणि मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर रीतसर तक्रार. बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे नाव न देता तक्रार करायची सोय आहे, पण नाव देऊन केली तर पुढे काय झालं ते बघता येतं. जिवाला धोका वाटला तर ११२.

पाचवा_गडी
पालकांना एक पुस्ती जोडा. मुलानं स्वतः पिन टाकला असेल तर बँक बहुधा ‘ग्राहकाची चूक’ म्हणते, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं. कळवल्यानंतरचं मात्र बँकेवर. म्हणून मुलाला रागवायचं असेल तर फोन झाल्यावर रागवा, आधी नाही.

खडूफळा
पेटीबद्दल. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेची समिती) असायलाच हवी, तीच पेटी वापरा, वेगळी नको. पण ती कार्यालयाच्या दारात असेल तर कुणी चिठ्ठी टाकणार नाही, सगळ्यांना दिसतं. पाण्याच्या टाकीकडे जायच्या वाटेवर लावा, तिथे प्रत्येकजण जातोच. तासिकेच्या दिवशी सगळ्यांना एकसारखे कागद द्या आणि प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच असं सांगा, विचारायचं नसेल त्यानं ‘काही नाही’ लिहावं. म्हणजे कुणी लिहिलं हे कळत नाही. आणि किल्ली वर्गशिक्षकांकडे ठेवू नका. ते रोज वह्या तपासतात, अक्षर लगेच ओळखतात. समितीतल्या बाहेरच्या सदस्याकडे द्या आणि आठवड्यातला उघडायचा वार पेटीवरच लिहून ठेवा.

चाफेकळी
टाकीच्या वाटेचं लक्षातच आलं नव्हतं. सोमवारी जागा बघून येते आणि अक्षराचा मुद्दा समितीपुढे मांडते.